ठेवा आता

मंगळवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास वनछाया दवाखान्यातला संगणक पुन्हा बहिरा झाला.

सरळ बंद पडला असता तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं. पण पडदा चालू होता, आतला पंखा घरघरत होता, कोपऱ्यातलं घड्याळ मिनिटामिनिटाने पुढे सरकत होतं. फक्त ऐकू काही येत नव्हतं. प्रेमिलाबाईंचे सासरे म्हातारपणी असेच झाले होते. समोर बसून छान मान डोलवायचे आणि विचारलं तर एक शब्द कानावर गेलेला नसायचा.

"झालं आत्या. पुन्हा तेच," रोशनी म्हणाली आणि तिने कपाळ टेबलावर टेकवलं.

रोशनी म्हणजे प्रेमिलाबाईंच्या भावाची मुलगी. नागपूरला शिकून इंजिनीअर झाली आणि सगळे पुणं पुणं करत असताना गडचिरोलीला परत आली. हे २००८ सालचं. दवाखान्याची एकच गाडी आणि जंगलातली बारा गावं, यांची गाठ घालून देणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. प्रत्येक गावात एक डबा बसवला होता. डब्याला हिरवं बटण आणि लाल बटण. पेशंट असला की हिरवं दाबायचं. इकडे गाडीच्या शेडमध्ये घंटा वाजायची, आणि तिकडे डब्यातून आवाज यायचा, "गडचिरोलीवरून बोलून राह्यली. तुमचा निरोप भेटला. गाडी निघून राह्यली." इकडून माईकवर बोललेलं डब्यातून ऐकू जायचं, आणि डबा उघडा असला की तिकडचं बोलणंही इकडे यायचं. काम झालं की लाल बटण दाबून डबा बंद करायचा. पोरासोरालाही जमेल असं.

डब्यातला तो आवाज प्रेमिलाबाईंचा होता. तीस वर्षं त्यांनी एका तालुक्याच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजात काढली होती, आणि आता वयाच्या एकसष्टाव्या वर्षी दवाखान्याच्या दारात बसून पेशंटांची नावं लिहून घेत होत्या. रोशनी म्हणाली होती, "आत्या, तुझा आवाज लोक ओळखतात. घाबरलेले जीव शांत होतात." प्रेमिलाबाई लाजल्या होत्या, पण बोलल्या होत्या.

आता येत्या शुक्रवारी संस्थेची समिती येणार होती. तीन आठवड्यांत डबे पाच वेळा बहिरे झाल्याचं समितीच्या कानावर गेलं होतं. चालले तर डबे राहणार, नाहीतर ते काढून दुसऱ्या जिल्ह्याला देणार, असं अध्यक्षांनी स्पष्ट लिहिलं होतं. आणि डबे गेले की त्या बारा गावांत पुन्हा पूर्वीसारखंच, कुणीतरी सायकल काढायची आणि डांबरी रस्त्यापर्यंत हाणायची.

"ब्याटरीच कमजोर हाये, म्या तं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं," दारातून लोकेश म्हणाला. तो गाडी चालवायचा आणि त्याच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट ब्याटरीवर येऊन थांबायची.

"लोकेशभाऊ, मागच्या हप्त्यात तुमचा गुडघा दुखत होता तेव्हाही तुम्ही ब्याटरीच म्हनलं होतं," रोशनी मान वर न करता म्हणाली.

"मंग? चार्ज होऊन राह्यला का गुडघा?"

रोशनीला हसू आलं आणि तिने डोकं वर केलं. प्रेमिलाबाईंनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला आणि खुर्ची ओढून जवळ बसल्या.

"मले सांग बरं, हे चालते कसं. पहिल्यापासून."

"आत्या, तुले कंटाळा येईल."

"तीस वर्ष 'नागपूर बिझी आहे' म्हनली. मले कायचा कंटाळा?"

रोशनीने प्रोग्रामचे छापील कागद पुढे ओढले. भाषेचं नाव पायथन, म्हणजे अजगर, हे ऐकून प्रेमिलाबाईंनी "जंगलात कमी होते का" असं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. आता त्यांनी कागदावर ठिकठिकाणी दिसणाऱ्या एका चिन्हावर बोट ठेवलं. गोल वेटोळं आणि त्याला शेपटी.

"हे काय?"

"त्याले डेकोरेटर म्हणतात. खालचं हे फंक्शन आहे ना, म्हणजे एक काम. गाडीची घंटा वाजवाची, हे काम. त्याच्या डोक्यावर मी ही पाटी लावली, 'हिरवं बटण दाबलं गेलं की मले उठवा'. कामात काहीच बदल नाई. फक्त पाटी. प्रोग्राम सुरू झाला की सगळ्या पाट्या वाचून ठेवते. मंग हिरवं आलं की ज्याच्यावर हिरव्याची पाटी, त्याले उठवते. अशा उठणाऱ्याले लिसनर म्हणतात. ऐकणारा."

प्रेमिलाबाईंना आपला जुना बोर्ड डोळ्यांपुढे दिसला. शंभर झाकणं. गावातून कुणी फोन फिरवला की त्याच्या नंबरचं पितळी झाकण टक् करून पडायचं. प्रत्येक झाकणावर त्यांनी स्वतः कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. 'डॉक्टर: झोपले असले तरी उठवा.' 'फॉरेस्ट डेपो: आधी शिपायाले बोलवा.' 'मास्तर: जोरात बोला.' बदली म्हणून आलेली नवी मुलगीसुद्धा त्या चिठ्ठ्या वाचून पहिल्या दिवसापासून काम करू शकायची.

"कळलं. चिठ्ठी. पुढे."

"पुढे काम करणारे. एका वेळी एकच काम केलं तर बाकीचे ताटकळतील. म्हणून मी सहा थ्रेड ठेवले. थ्रेड म्हणजे दोरा, पण इथी समज सहा मजूर. काम आलं की रांगेत लागते, जो मजूर रिकामा असेल तो उचलते, संपवून पुन्हा येऊन बसते. याले थ्रेड पूल म्हणतात."

"पूल? कठाणी नदीवरला?"

"तसा नाई आत्या. इंग्रजीतला पूल. म्हणजे ठेवलेला साठा."

"बरं. अन् सहाही मजूर कामावर असले तर?"

"तर नवीन काम रांगेत थांबते." रोशनीने पडद्याकडे बोट दाखवलं. "आता तसंच झालं. सहाच्या सहा अडकले. इथी लिहून आलं पाह्य. सगळ्यांच्या नावापुढे एकच. लाल बटणाची वाट पाहून राह्यले. मजुराने घंटा वाजवली, तुझा आवाज पाठवला, आता तिकडून लाल दाबलं की तो सुटणार. पण लाल येतच नाई. सोमवारी मी सहाचे बारा करून पाह्यले. तर दुपारी बारा वाजताच्या जागी तीन वाजता बहिरं झालं, एवढाच फरक, म्हणून परत सहा केले."

प्रेमिलाबाईंचा हात कपावर तसाच राहिला.

त्यांच्या बोर्डाला दहा दोऱ्या होत्या. दोरीचं एक टोक बोलावणाऱ्याच्या झाकणाखाली खोचायचं, दुसरं ज्याला बोलावलं त्याच्या. दहा दोऱ्या म्हणजे एका वेळी दहा बोलणी. त्र्याण्णव सालच्या त्या दुपारी नागपूरची लाईन मिळत नव्हती आणि सात माणसं नागपूरसाठी थांबून होती. नियम असा होता की नंबर लिहून घ्यायचा, दोरी काढून घ्यायची, लाईन मिळाली की आपण फिरवून बोलवायचं. पण कुणी आठ मैल चालत आलेलं, कुणाचा मुलगा दवाखान्यात. "बाई, लाईन धरून ठेवा, माझा नंबर जाईल" म्हणायचे. प्रेमिलाबाईंना दोरी ओढवायची नाही. सात दोऱ्या नुसत्या धरून ठेवलेल्या, तीन बोलण्यात. आणि मग फॉरेस्ट डेपोचं झाकण पडलं.

ते झाकण पडलेलं त्या वीस मिनिटं पाहत होत्या. हातात दोरी नव्हती.

तिकडे बुधू नावाचा माणूस उभा होता. येरमटोला या जंगलातल्या वस्तीचा. त्याची बायको सोनीबाई अडली होती. दोरी मोकळी झाली, गाडी गेली, सोनीबाई वाचली. मूल नाही वाचलं.

दोन महिन्यांनी बुधू एक्स्चेंजात आला. पानाच्या पुडीत चारोळी आणली होती. आरडाओरडा नाही, काही नाही. एवढंच विचारलं, "माहा फोन कोनता?" प्रेमिलाबाईंनी झाकण दाखवलं. त्याने ते बोटाने वर केलं आणि सोडलं. टक्. पुन्हा वर केलं, पुन्हा सोडलं. "दिसते तं," म्हणाला. पुडी टेबलावर ठेवून गेला. त्या चारोळीचं काय करावं हे प्रेमिलाबाईंना आजवर कळलं नव्हतं. ती तशीच डब्यात राहून खवट झाली आणि डबासुद्धा त्यांनी पुढे टाकून दिला.

"आत्या? ऐकून राह्यली का?"

"लाल येत नाई म्हणजे काऊन येत नाई?"

"वाटेत हरवत असेल, नाईतर बटणच खराब. उद्या एका गावी जाऊन डबा खोलून पाहतो. येरमटोल्याले सगळ्यात जास्त अडकते."

"मी येतो," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

बुधवारी सकाळच्या एसटीने दोघी कुरखेड्याला उतरल्या आणि तिथे पेशंट सोडायला आलेल्या लोकेशच्या गाडीने येरमटोल्याला गेल्या. डबा सोनीबाईच्या घरी होता, पडवीत, मातीच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला. त्याला रोज पुसत असावेत. वर मोहाच्या पानाची छोटी झालर लावली होती. सोनीबाई आता पन्नाशीला आली होती. तिने प्रेमिलाबाईंकडे पाहिलं, चेहरा काही ओळखला नाही, पण "बसा" म्हणेपर्यंत प्रेमिलाबाई "पाणी द्या बरं सोनीबाई" बोलून गेल्या आणि सोनीबाई जागच्या जागी थांबली.

"बाई! डब्यातली बाई तुम्हीच?"

"मीच."

"घ्या! म्या तं समजत होतो लई मोठी असेल. उंच!"

रोशनीने पेचकस काढून डबा खोलला. लाल बटण तिने पंधरा वेळा दाबलं, लोकेशने गाडीतल्या वायरलेसवरून दवाखान्यात विचारलं, पंधराही वेळा पोचलं होतं. बटण खणखणीत. ब्याटरीही खणखणीत, त्यामुळे लोकेश थोडा खट्टू झाला.

"सोनीबाई," प्रेमिलाबाईंनी विचारलं, "परवा तुम्ही हिरवं दाबलं. मंग?"

"मंग तुम्ही बोलल्या. गाडी निघून राह्यली म्हनलं."

"मंग?"

"मंग थांबलो."

"कायसाठी?"

सोनीबाईने डब्याकडे पाहिलं. काहीतरी चुकलं असं तिला वाटलं असावं. मग हळूच म्हणाली, "तुम्ही म्हनलंच नाई ना."

"काय म्हनलं नाई?"

"ठेवा आता."

रोशनीचा पेचकस हातात राहिला.

"डेपोवरून फोन लावत होतो तेव्हा तुम्ही आखरीले म्हनत होत्या, 'ठेवा आता'. मंग ठेवत होतो. आता तुम्ही गाडी निघाली म्हनून चूप होऊन जाता. आमाले वाटे, बाई आनखी काही सांगते. मोठ्या मानसाच्या पहिले आपन कसं ठेवाचं? बरं दिसते का ते?" सोनीबाई म्हणाली. "तिकडच्या टोल्याची वच्छला बी असीच बसते डब्यापासी. संध्याकाळपावतर."

परतताना गाडीत रोशनीने पेचकस पिशवीत टाकला. मग एकदम म्हणाली, "तू बोलली होती आत्या. रेकॉर्ड करताना 'ठेवा आता' बोलली होती. फाईल लहान व्हावी म्हणून मीच कापलं ते. दवाखान्यात आम्ही चाचणी घेतली तेव्हा मी अन् लोकेशभाऊ, आवाज आला रे आला की लाल दाबत होतो. आम्हाले काय माहीत!"

"दोन शब्दांनी मारलं का?" लोकेश मागे वळून म्हणाला.

"समोर पाहा भाऊ, रस्त्यात गायी आहेत. दोन शब्द परत जोडतो, झालं. समिती येऊ द्या."

"नाई झालं," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज असा काही निघाला की लोकेशनेही आरशातून पाहिलं.

"मी 'ठेवा आता' म्हनत होतो, तरी माझ्या दोऱ्या संपल्या होत्या रोशनी. कोणी ना कोणी थांबतेच. कोणाचा डबा पडेल, कोणी रडत असेल, कोणी लाल दाबाचं विसरेल. तुझे सहा मजूर तिकडच्या माणसाच्या मर्जीवर का बसवले? निरोप दिला, काम झालं, त्याने उठून यावं."

"पण लाल आलं तर पाहाचं कोणी? वाट पाहाले कोणी तर पाहिजे."

"चिठ्ठी पाहिजे. माणूस नाई." प्रेमिलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आम्हाले नियम होता. नंबर लिहून घ्या, दोरी काढा. मी काढली नाई, माया करत बसली. तू मले ते शेपटीवालं दाखवलं ना, हिरव्यावर उठवा म्हनून. तसं लालवर उठवा म्हनून एक वेगळी चिठ्ठी लावता येत नाई का? मजूर जाऊन बसेल आपल्या जागी. लाल येईल तेव्हा येईल. जो रिकामा असेल तो उठेल, डबा बंद करेल, परत येईल. नाईच आलं लाल, तर कोणाचं अडलं?"

रोशनी खिडकीबाहेर पाहत होती. सागाची झाडं मागे पळत होती.

"पूल थांबाले नसते पोरी, पार कराले असते," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"आत्या, तो पूल वेगळा आहे म्हणलं ना तुले," रोशनी म्हणाली. पण तिने पिशवीतून वही काढली होती आणि हलत्या गाडीत वेडंवाकडं काहीतरी लिहायला सुरुवात केली होती.

गुरुवार त्यातच गेला. वाट पाहणारी सगळी ओळ रोशनीने खोडून टाकली आणि लाल बटणाचं एक छोटंसं वेगळं काम लिहून त्याच्या डोक्यावर नवी पाटी लावली. मोजून अकरा ओळींचा बदल. मजूर सहाच ठेवले. "सहातच व्हायला पाहिजे," ती म्हणाली, "नाईतर मला कळणार नाई की खरंच सुधारलं की नुसते मजूर वाढवले." बाराही गावांना निरोप गेला की उद्या अकरा वाजता सगळ्यांनी हिरवं दाबायचं आणि लाल मुळीच दाबायचं नाही.

शुक्रवारी समितीचे चौघं आले. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त डॉक्टर, कमी बोलणारे, चष्म्यावरून पाहणारे. अकरा वाजता पडद्यावर बारा गावांपुढे बारा हिरवे दिवे लागले. शेडमधली घंटा वाजतच राहिली. बाराही डब्यांत प्रेमिलाबाईंचा आवाज गेला, "...गाडी निघून राह्यली. ठेवा आता."

आणि एकामागून एक लाल दिवे लागू लागले. तीन, पाच, नऊ.

"दाबू नका म्हणलं होतं ना!" रोशनीने डोक्याला हात लावला.

"बाईनं ठेवा म्हनल्यावर कोन नाई ठेवनार?" लोकेश म्हणाला. "तुह्या निरोपापेक्षा तिचा सबूद मोठा."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. हसू लपवत असावेत. "म्हणजे चाचणी झाली नाही," ते म्हणाले.

रोशनीने तेवढ्यापुरते ते दोन शब्द पुन्हा काढले आणि माईकवरून सगळ्यांना पुन्हा हिरवं दाबायला सांगितलं. या खेपेस बारा डबे उघडे राहिले. कुणीच लाल दाबलं नाही. मिनिट गेलं, दोन गेली, दहा गेली. बारा गावांत बारा माणसं डब्याशी अदबीने उभी होती, बाई आणखी काही सांगेल म्हणून. सहा मजूर आणि बारा उघडे डबे.

प्रेमिलाबाई पडद्याकडे पाहत नव्हत्या. त्या टेबलावरच्या तेराव्या डब्याकडे पाहत होत्या, चाचणीसाठी ठेवलेल्या. त्यांना वाटत होतं, हे झाकण पडलेलंच राहणार.

"आता मी दाबू?" अध्यक्षांनी विचारलं.

"दाबा सर."

त्यांनी हिरवं दाबलं. त्यांचं बोट अजून बटणावरच होतं तेव्हा शेडमध्ये घंटा वाजली, आणि घाईघाईने गाडीत जाऊन बसलेल्या लोकेशने चालू करून दोनदा हॉर्न दिला. सांगितलं नव्हतं तरी.

अध्यक्षांनी डबा जवळ ओढला. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदाही वाजली.

"राहू द्या डबे," ते म्हणाले आणि चहा कुठे आहे विचारलं.

रोशनीने आत्याचा हात घट्ट धरला आणि सोडला. "ते बिचारे उभे आहेत आत्या. तूच सांग आता. खरंखुरं बोल," म्हणून तिने टेबलावरचा माईक तिच्यापुढे केला.

प्रेमिलाबाई माईकवर वाकल्या. तीस वर्षांची सवय, आवाज आपोआप सरळ झाला. "झालं बरं का सगळ्यांचं. लई उपकार. ठेवा आता."

लाल दिवे लागले. अकरा. बारावा लागेना. येरमटोला.

"सोनीबाई? ठेवा ना."

डब्यातून खरखर आली. मग पुरुषाचा आवाज, वयाने जाड झालेला. "बाई, मी बुधू बोलून राह्यलो. सोनी म्हने, ते टेलिफोनवालीच बाई हाये. खरं का?"

प्रेमिलाबाई माईकवर आणखी वाकल्या. "हो बुधूभाऊ. खरं."

"दाबलं का टक्कन उचलते आता," बुधू म्हणाला. "म्या पाह्यलो. दोनदा."

"हो."

"बरं हाये."

लाल मात्र त्याने दाबलं नाही. डबा उघडा होता. पडद्यावर सहाही मजूर आपापल्या जागी रिकामे बसले होते, येरमटोल्याच्या दिव्यासाठी एकही खोळंबलेला नव्हता. ते त्यांनी एकदा नीट मोजून पाहिलं.

"ठेवा आता, बुधूभाऊ," शेवटी त्या म्हणाल्या.

"तुम्ही पहिले ठेवा बाई."

"नाई, तुम्ही."

"असं कसं? तुम्ही मोठ्या."

लोकेश दारातून आत डोकावला, काहीतरी बोलणार होता, पण रोशनीने त्याला हाताने गप्प केलं. प्रेमिलाबाईंनी खुर्ची माईकच्या जवळ ओढली आणि आरामात बसल्या. घाई कुणालाच नव्हती.

"बरं, मंग सांगा," त्या म्हणाल्या, "अवंदा चारोळी किती झाली जंगलात?"